आधी उद्दिष्ट, मग सॉफ्टवेअर: कारखान्याची तंत्रज्ञान-योजना धंद्याशी कशी जुळवावी

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) इथल्या कारखानदारांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "कोणतं ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं?" हा प्रश्न विचारायलाच हवा, पण पाचव्या टप्प्यावर. पहिल्याच दिवशी विचारला की सॉफ्टवेअरमध्ये जे आहे ते वापरायच्या मागे आपण लागतो आणि धंद्याला जे हवं होतं ते बाजूला राहतं. वर्षभराने बिलं नव्या प्रोग्रामातून निघू लागतात, माल मात्र पूर्वीइतकाच उशिरा जातो.

२० ते ३०० माणसांच्या कारखान्याचे मालक, भागीदार आणि ज्याला "कॉम्प्युटरचं तूच बघ" असं सांगितलेलं असतं तो माणूस, या तिघांसाठी हा लेख आहे. उदाहरणं समजण्यापुरती घेतली आहेत: एक मशिन शॉप, एक बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, एक हळद पावडरचा कारखाना.

## तयारी: बैठक बोलावण्याआधी

दोन-तीन आठवडे फक्त माहिती गोळा करण्यात जाऊ द्या. इथे ज्यांनी घाई केली त्यांच्या पुढच्या सगळ्या चर्चा "मला वाटतं" या शब्दांनी सुरू होतात.

धंद्याचे आकडे. मागच्या पूर्ण आर्थिक वर्षाचे काढा. ग्राहकनिहाय विक्री, परत आलेला माल, ठरलेल्या तारखेनंतर गेलेला माल, येणं किती दिवसांचं थकलंय, आणि कच्चा, अर्धवट व तयार माल किती पडून असतो. एखादा आकडा मिळतच नसेल तर "मिळत नाही" असं स्पष्ट लिहा. पुढे तेच सर्वांत उपयोगाचं ठरतं.

तंत्रज्ञानाची यादी. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रिंटर, बारकोड स्कॅनर, बायोमेट्रिक मशिन, सॉफ्टवेअर लायसन्स. प्रत्येकापुढे किंमत, नूतनीकरणाची तारीख आणि पासवर्ड कोणाकडे आहे ते. दोन गोष्टी मुद्दाम तपासा. पहिली, कंपनीचं डोमेन (वेबसाइट आणि ईमेलचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर निघालं तर आजच बदलायला घ्या. दुसरी, विंडोज १० वर चालणारी मशिनं किती. मायक्रोसॉफ्टने त्याची सर्वसाधारण सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केली, आणि मोजमापाच्या किंवा सीएनसी मशिनला (प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनला) प्रोग्राम पाठवणाऱ्या कॉम्प्युटरवर ते अजून चालू असण्याची शक्यता दाट असते.

लपलेली व्यवस्था. डिस्पॅचच्या माणसाची एक्सेल फाइल, स्टोअरकीपरची वही, सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कारखाना खरा चालतो तो यांच्यावर. त्यांच्याशेजारी अर्धा दिवस बसा आणि ते काय लिहितात, का लिहितात ते पाहा. त्या वहीतल्या प्रत्येक रकान्यामागे कधीतरी झालेलं नुकसान असतं, म्हणून ती वही बंद करायची भाषा इतक्यात काढू नका.

> तपासा: हे तीन गठ्ठे हातात नसतील तर पहिला टप्पा सुरू करू नका.

## टप्पा १: उद्दिष्ट आकड्यात लिहा

"डिजिटल व्हायचंय", "सगळं एका क्लिकवर हवंय" ही उद्दिष्टं नव्हेत. उद्दिष्टात चार गोष्टी लागतात: आज किती, किती करायचंय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि जबाबदार एक माणूस. असं लिहा:

- मशिन शॉप: ग्राहकाकडून परत येणारे नग हजारी १८ वरून ६ वर, मार्चअखेर. जबाबदार: क्वालिटी इनचार्ज.
- कोल्ड स्टोरेज: खरेदीदाराचा निरोप आल्यापासून गाडी भरून बाहेर पडेपर्यंतचा वेळ सहा तासांवरून दोन तासांवर, पुढच्या हंगामाआधी. जबाबदार: गोदाम व्यवस्थापक.
- हळद पावडर: कोणत्याही पाकिटावरून कच्च्या हळदीचा सौदा आणि त्या लॉटचा प्रयोगशाळा अहवाल शोधायला लागणारा वेळ दोन दिवसांवरून एका तासावर, दिवाळीआधी. जबाबदार: उत्पादन प्रमुख.

तीनच्या वर उद्दिष्टं घेऊ नका. चौथं फार महत्त्वाचं वाटत असेल तर पहिल्या तिनांतलं एक काढा.

आता या टप्प्यातली सर्वांत अवघड गोष्ट. आपल्याकडचे बहुतेक कारखाने घरातले आहेत. वडील, दोन भाऊ, आता पुण्याहून शिकून आलेला मुलगा. थोरल्याला कर्ज कमी करायचं असतं, धाकट्याला निर्यात हवी असते, मुलाला नवं उत्पादन काढायचं असतं. समोरासमोर कोणी बोलत नाही, आणि मग हा वाद सॉफ्टवेअर निवडण्याच्या आडून चालतो. एकाला आवडलेलं दुसऱ्याला महाग वाटतं, तिसरा म्हणतो हिशेबाची चालू टॅली काय वाईट आहे. महिने जातात, निर्णय होत नाही, आणि दोष विक्रेत्यांवर जातो.

यावर उपाय एकच: निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, पुढच्या दोन वर्षांची तीन उद्दिष्टं कागदावर लिहायची. मग कागद एकत्र उघडायचे. फरक दिसला तर त्यावर आधी बोला, लागल्यास सीएला किंवा घरातल्या वडीलधाऱ्याला मध्ये घ्या. हा वाद मिटल्याशिवाय पुढे खर्च केलेला रुपया कोणाच्याच कामी येत नाही.

> सावधान: उद्दिष्टाच्या वाक्यात सॉफ्टवेअर, अ‍ॅप, एआय, डॅशबोर्ड असा शब्द आला असेल तर ते वाक्य खोडून पुन्हा लिहा. ते साधन झालं, उद्दिष्ट नव्हे.

## टप्पा २: एका ऑर्डरच्या मागे चाला

उद्दिष्ट आणि यंत्रणा यांच्यामध्ये असतं रोजचं काम, आणि तेच बघायचं राहून जातं. एक खरी ऑर्डर निवडा आणि मेल आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे स्वतः चालत जा. खुर्चीत बसून फ्लोचार्ट काढू नका. खुर्चीत बसून काढलेल्या चित्रात सगळं काम वेळेत होतं.

मशिन शॉपचंच घ्या. ऑर्डर आली, आठवड्याचं नियोजन झालं, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) आलं, स्टोअरला उतरलं, मशिनिंग झालं, प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) बाहेर गेलं, परत आलं, तपासणी, पॅकिंग, लेबल, गेट. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा: इथे कोण लिहितं? कशात लिहितं? घडल्यापासून किती वेळाने लिहितं?

तिसऱ्या प्रश्नात बहुतेक दुखणी सापडतात. समजा माल परत येण्याचं मोठं कारण ब्लो-होल (कास्टिंगच्या आतली हवेची पोकळी) आहे आणि ते मशिनिंग झाल्यावरच दिसतं. कास्टिंग कोणत्या हीटचं (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचं) होतं हे फाउंड्रीच्या चलनावर असतं. पण स्टोअरला चार हीटचा माल एकाच बिनमध्ये पडतो आणि तिथेच ती ओळख पुसली जाते. आता फाउंड्रीकडून भरपाई मागणारी डेबिट नोट लावता येत नाही, आणि खराब हीटचे उरलेले नग वेगळे काढता येत नाहीत. वीस लाखांचं ईआरपी आणलं तरी बिनमधल्या मिसळलेल्या मालाचं ते काही करू शकत नाही. इथे लागतं ते हीटनिहाय वेगळे बिन, प्रत्येक बिनला छापील स्टिकर आणि तो नंबर रूट कार्डवर (मालासोबत फिरणाऱ्या कामाच्या कार्डावर) शेवटपर्यंत नेण्याची शिस्त. त्यानंतर बारकोड, त्यानंतर सॉफ्टवेअर.

प्लेटिंगसारख्या जॉबवर्कचाही (बाहेरून करून घेतलेल्या कामाचाही) माग असाच घ्या. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं धरलं जातं. बाहेर गेलेल्या नगांचा हिशेब नुसत्या चलन बुकात असेल, तर माल किती दिवस बाहेर आहे हे कोणालाच पटकन सांगता येत नाही.

कोल्ड स्टोरेजमध्ये चालाल तर वेगळं दिसेल. सहा तासांपैकी गाडी भरायला फार थोडा वेळ लागतो. बाकीचा वेळ बॉक्स कोणत्या चेंबरमध्ये, कोणत्या थप्पीत आहेत हे शोधण्यात आणि अडत्याचा डिलिव्हरीचा होकार येण्याची वाट बघण्यात जातो. पहिल्यावर उपाय म्हणजे जागेचा नंबर, दुसऱ्यावर मोबाइलवरून मंजुरी. दोन्ही स्वस्त आहेत, आणि दोन्हींचा चेंबरचं तापमान दाखवणाऱ्या महागड्या स्क्रीनशी काही संबंध नाही.

> तपासा: सापडलेली अडचण कागदावर सुटते का ते पंधरा दिवस करून बघा. जे कागदावर चालत नाही ते कॉम्प्युटरवरही चालणार नाही, फक्त चूक जास्त वेगाने होईल.

## टप्पा ३: गरजा तीन खणांत टाका

चालत जाऊन आलात की गरजांची लांब यादी हातात असेल. ती एकत्र ठेवू नका, कारण तिन्ही प्रकारांसाठी निर्णयाची पद्धत वेगळी आहे.

पहिला खण: कायदा. यात "करायचं का" हा प्रश्नच नाही. २०१७-१८ पासून कोणत्याही आर्थिक वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर जीएसटी नोंदणी असलेल्या ग्राहकांना दिलेल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. १० कोटी व त्यावर असाल तर बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर गेलं पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२५ पासूनचा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी, बंद न करता येणारी सोय १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. नवं काहीही घेताना या गोष्टी त्यात आहेत ना, एवढं बघायचं. यांना धोरण समजून त्यावर बैठकी घालवू नका.

दुसरा खण: धंदा थांबू नये. बॅकअप, वीज, इंटरनेट, सुरक्षा. सांगलीत हा खण इतर ठिकाणांपेक्षा जड आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. गावभागात, गणपती पेठेत, वखारभागात ऑफिस असेल तर तळमजल्यावर सर्व्हर नको, हे सगळ्यांना कळतं. पण कारखाना उंचावर कुपवाडला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या दिवसांत पुणे-बंगळूर महामार्गही कोल्हापूरजवळ बंद होता. माणसं कारखान्यापर्यंत पोहोचली नाहीत तर बिलं, पगार, ग्राहकाला कळवणं हे घरून करता येईल का, तो प्रश्न विचारा.

बॅकअपच्या तीन प्रती ठेवा: एक चालू, एक वेगळ्या डिस्कवर, एक जिल्ह्याबाहेर किंवा क्लाउडवर. डिस्कवरची प्रत कॉपी झाली की केबल काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेल्या डिस्कवरही पसरतो. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून कंपनीचा डेटा खरोखर उघडून बघा. बॅकअप "घेतला जातोय" एवढ्यावर विश्वास ठेवणारे बरेच जण तो उघडत नाही हे नको त्या दिवशी शिकतात.

तिसरा खण: धंदा पुढे नेणं. यातली प्रत्येक गोष्ट टप्पा १ मधल्या एका उद्दिष्टाशी बांधलेली हवी. प्रत्येक ओळीपुढे उद्दिष्टाचा क्रमांक लिहा.

## टप्पा ४: काय करायचं नाही ते ठरवा

तिसऱ्या खणात ज्या ओळीपुढे क्रमांक लिहिता आला नाही, ती या वर्षी बाद. प्रदर्शनात बघितलेलं मशिनवरचं सेन्सर असेल, शेजारच्या कारखान्यात लावलेली मोठी स्क्रीन असेल, चांगलंच असेल. पण "या वर्षी नाही" असं शीर्षक देऊन वेगळ्या पानावर लिहा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. सही नसेल तर तीच गोष्ट चार महिन्यांनी मागच्या दाराने येते आणि हातातलं काम अर्धवट राहतं.

उरलेल्यांचा क्रम लावा. ज्यावर दुसरं अवलंबून आहे ते आधी. आणि जवळजवळ नेहमी सगळ्यांत आधी येतं ते वस्तूंच्या नावांची यादी स्वच्छ करणं.

एकच बुश स्टोअरला "बुश २५", खरेदीत "पितळी बुश २५ एमएम", ड्रॉइंगवर वेगळ्या नंबराने आणि टॅलीत "बुश-नवीन" असतो. ही यादी जशीच्या तशी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली की साठा पहिल्या दिवसापासून चुकीचा दिसतो, माणसं पुन्हा वहीकडे वळतात आणि तिथून ती परत येत नाहीत. एक माणूस नेमा. प्रत्येक वस्तूला एक कोड, एक नाव, एक मोजमाप. किलो की नग हे इथेच ठरलं पाहिजे. बेदाण्यात लॉट, प्रत, बॉक्सचं वजन आणि चेंबरमधली जागा; हळदीत सौद्याची तारीख, अडत्या आणि पोत्यांचा लॉट. हे कंटाळवाणं काम आहे आणि विक्रेत्याचा नवखा मुलगा ते तुमच्यासाठी नीट करणार नाही. ते तुमच्याच स्टोअरकीपरने करायचं आहे, त्याचं रोजचं काम दुसऱ्याला देऊन.

> सावधान: नवा कोड काढण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या. तिघांना दिलात की सहा महिन्यांत जुना गोंधळ परत येतो.

## टप्पा ५: आता साधन निवडा

पहिला प्रश्न: आहे त्यातच होतं का? टॅलीमधली बॅच आणि गोदामाची सोय घेतलेली असते पण कोणी चालू केलेली नसते. दुसरा प्रश्न: तयार मिळतं का? बनवून घेणं हा शेवटचा पर्याय. बनवून घेतलंत तर सोर्स कोड आणि डेटाबेसचा पासवर्ड तुमच्याकडे राहील हे करारात लिहा, कारण बनवणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला जाईल.

डेमोला विक्रेत्याचे नमुने चालू देऊ नका. तुमचे दहा सर्वांत किचकट व्यवहार घेऊन जा: अर्धा परत आलेला माल, जॉबवर्कमध्ये कमी भरलेले नग, दर बदललेली जुनी ऑर्डर, दोन लॉट मिसळून केलेली पावडर. ते तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. "हे पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय" असं उत्तर आलं तर "नाही" असं लिहून घ्या.

मग हे विचारा, उत्तर लेखी घ्या:

- सोडून जायचं ठरवलं तर सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत देणार?
- वापरणारे दुप्पट झाले तर वर्षाला किती?
- वार्षिक देखभालीत काय येतं, काय येत नाही?
- शॉप फ्लोअरच्या स्क्रीनवर मराठी चालतं का?
- अडचण आली तर माणूस सांगली-कोल्हापुरात आहे का, की फक्त फोन?

किंमत तीन वर्षांची मांडा: लायसन्स, देखभाल, हार्डवेअर, डेटा भरणं, प्रशिक्षण, आणि या काळात तुमच्या माणसांचा जाणारा वेळ. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पहिला महिनाअखेर नव्या यंत्रणेवर जुळल्यावरच.

## टप्पा ६: हंगाम बघून तारीख धरा

मार्च-एप्रिलमध्ये बदल करू नका. वर्षअखेर असते, हळदीचे सौदे जोरात असतात आणि नवा बेदाणा कोल्ड स्टोरेजला येत असतो. बेदाण्याच्या धंद्यात दिवाळीच्या सुमारास जुनी देणी-घेणी मिटवण्यासाठी सौदे थांबतात. सुरुवातीची शिल्लक नक्की करायला त्याहून बरी वेळ नाही. मशिन शॉपने ग्राहकाच्या देखभालीच्या सुट्टीत करावं.

बदलाच्या आदल्या दिवशी साठा प्रत्यक्ष मोजा, जुन्या कॉम्प्युटरमधला घेऊ नका. जुनं आणि नवं एकत्र चालवा ते फक्त एक महिना, फार तर दोन. जुनं बंद करण्याची तारीख आधीच फलकावर लावा.

## टप्पा ७: नोंद करणाऱ्याचा विचार

इथे चांगल्या योजना बुडतात. रिजेक्शन लिहिलं की ऑपरेटरला बोलणी बसतात किंवा पीसरेटमधून (नगावरच्या मजुरीतून) पैसे कापले जातात, अशी पद्धत असेल तर तो रिजेक्शन लिहिणार नाही. तो नग स्क्रॅपच्या पिंपात जाईल आणि तुमच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसेल. खरी नोंद करणाऱ्याला निदान पहिले सहा महिने शिक्षा नाही, हे मालकाने स्वतः शॉप फ्लोअरवर उभं राहून सांगितलं पाहिजे, आणि पाळलं पाहिजे. कास्टिंगच्या दोषाचा भार ऑपरेटरवर येत नाही हे त्याला पहिल्याच पगारात दिसलं तर नोंदी आपोआप नीट येऊ लागतात.

भरायला लावता त्यातला प्रत्येक रकाना कोण वाचतं ते तपासा. कोणी वाचत नसेल तर काढून टाका. दुसऱ्या पाळीलाही प्रशिक्षण द्या. रात्री शिकवायला कोणी थांबत नाही आणि सकाळी अर्ध्या नोंदी गायब असतात.

> तपासा: आठवड्यातून एकदा पाच बिन निवडा, स्वतः मोजा, स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर डॅशबोर्डकडे बघण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: महिन्याची बैठक

एकच कागद, तीन उद्दिष्टं, तीन आकडे. "ऐंशी टक्के अंमलबजावणी झाली" हा आकडा त्यावर नको, कारण तो विक्रेत्याचा आकडा आहे. हजारी किती नग परत आले, गाडी किती वेळात सुटली, लॉटचा माग किती मिनिटांत लागला, एवढंच विचारा. ज्याचं नाव उद्दिष्टापुढे आहे त्यानेच उत्तर द्यायचं, कॉम्प्युटर बघणाऱ्याने नव्हे.

धंदा बदलला तर उद्दिष्ट बदला. इंजिनाचे भाग घेणारा मोठा ग्राहक विजेवरच्या गाड्यांकडे वळत असेल, तर त्याच्या पार्टसाठी चाललेलं काम थांबवायला वर्षअखेरीची वाट बघू नका. पण उद्दिष्ट बदललं की "या वर्षी नाही" हे पानही पुन्हा उघडा आणि सगळ्यांच्या सह्या पुन्हा घ्या.

सहा महिने झाले आणि आकडा हललाच नाही, तर या क्रमाने शोधा. आधी नोंदी खऱ्या आहेत का; पाच बिनची मोजणी ते सांगेल. मग कामाची पद्धत बदलली का, की जुन्याच पद्धतीवर नवी स्क्रीन बसवली. पुन्हा एका ऑर्डरच्या मागे चाला. या दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या तरच साधन बदलण्याचा विषय काढा, आणि त्या बैठकीत करारातलं डेटा परत देण्याचं कलम सोबत ठेवा.